मारुतीच्या छातीपर्यंत

आमचे हे कॉलेजात भूगोल शिकवायचे. सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन पंचवटीच्या बोळाबोळांतून हिंडायचे आणि कुठलं घर किती उंचावर आहे ते मोजून वहीत लिहायचे. इतके उंबरे झिजवले की लोकांनी शेवटी त्यांना नगरपालिकेवर निवडून दिलं. घरात मिठाचा डबा सापडत नाही आणि निघाले गावाचा कारभार बघायला, असं मी येताजाता म्हणायचे.

निवडून आल्यावर पहिलं काम काय, तर नदीकाठी लोखंडी खांब रोवून त्यावर फुटांच्या खुणा रंगवल्या. आमच्याकडे पूर मोजतात तो पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या भल्यामोठ्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असंच सगळे बोलतात. ह्यांना ते अशास्त्रीय वाटायचं, म्हणून मी मुद्दाम तसंच बोलायचे.

त्या श्रावणात एका सकाळी धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला. दुपारच्या आत काठची वस्ती रिकामी करायची होती. रिक्षावर भोंगा बांधून हे निघाले, शेजारी मीही बसले. "पाणी अकरा फुटांवर येणार आहे, सगळ्यांनी शाळेत चला!" बायका दारात येऊन ऐकत आणि पुन्हा चुलीकडे वळत. कुणी हलेना.

फुलं विकणारी एक म्हातारी रिक्षाजवळ आली. "साहेब, ते फूटबीट आम्हाला नाय कळत. मारुतीच्या कुठवर येणार ते सांगा."

ह्यांनी अख्खा वॉर्ड मोजला होता, पण मारुती तेवढा मोजला नव्हता!

"अहो, गळ्यापर्यंत म्हणा, काहीही म्हणा!" मी ओरडले. पण खोटं बोलतील तर ना. त्यांनी भराभर वही चाळून म्हातारीचं घर शोधलं. खांबाच्या मापाने तिचा उंबरा नऊ फुटांवर होता.

"आजी, मागे तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तेव्हा मारुतीच्या कुठवर होतं?"

"कमरेला."

त्यावर आणखी दोन फूट. ह्यांनी भोंगा तोंडाशी धरला. "मारुतीच्या छातीपर्यंत येणार!"

हा हा म्हणता वस्ती उठली. गाठोडी, कोंबड्या, देव्हारे, सगळं शाळेकडे निघालं. म्हातारी टोपलीसकट आमच्या रिक्षात चढली.

संध्याकाळी शाळेच्या गच्चीवरून पाहिलं, तर पाणी मारुतीच्या छातीला होतं. माणूस एकही गेला नव्हता. म्हातारीचं मातीचं घर मात्र बसलं होतं. लोक ह्यांची पाठ थोपटत होते, "साहेब, बरोब्बर सांगितलंत!" हे खाली गेले, म्हातारीसमोर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण ह्या माणसावर माझा इतका जीव आहे हे मला त्या दिवशी कळलं.

म्हातारीने पदराने त्यांचे डोळे पुसले. म्हणाली, "रडता कशाला? मी हाय ना."