पत्र्याच्या गोडाऊनमधली पाच पंक्चरं

ये, जवळ ये. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा हाय. पोत्यावर बस. आणि सायकल आधी आडवी कर. हवा गेलेली असताना एवढ्या लांबून सायकल दामटत आणलीस होय? ट्यूबचा पार चोथा झाला असंल. शिकल्या-सवरल्या माणसांना एवढं कावून कळत न्हाई, की हवा गेली की उतरायचं आणि ढकलायचं? बरं, जाऊ दे. मी उघडते तोवर तू विचारलंस त्याचं उत्तर देते. घरात बसून सायकल चालवली तर पंक्चर होईलच कसं, म्हणालीस. होतं. आमच्याकडं पाच वेळा झालं.

पाचवं पंक्चर घेऊन प्रतीक्षा इथंच, या दाराशी उभी होती. हातात मागचं चाक. तिच्या मागं तांदळे सर. प्रतीक्षा अकरावीतली पोरगी, सायकल-रेसची तयारी करायची. सर खेळाचे मास्तर, शाळा सुटल्यावर पोरींना शिकवायचे. राज्याच्या निवड चाचणीला सर एकच नाव पाठवू शकत होते. नावं दोन होती, प्रतीक्षा आणि ऋतुजा. रविवारी दोघींची चाळीस मिनिटांची परीक्षा होती.

सर मला म्हणाले, "मावशी, रविवारी मधेच हवा गेली तर मी मोजणार नाही. मग ऋतुजाचं नाव जाईल. मला दुसरा इलाजच नाही."

प्रतीक्षानं चाक माझ्या पुढ्यात ठेवलं आणि नखं खात उभी राहिली.

आता आधी पोरी ज्यावर सराव करायच्या तो ट्रेनर म्हणजे काय ते सांगते. लोखंडी स्टँड असतो. सायकलचं मागचं चाक त्यात अधांतरी अडकवायचं. चाकाच्या मागं एक रूळ असतो, तो स्क्रूनं टायरला दाबून लावायचा. पोरगी पायडल मारते, चाक रुळावर फिरतं, सायकल जागची हलत न्हाई. हँडलवरच्या मीटरवर किती अंतर झालं ते दिसतं. सरांनी तो ट्रेनर त्यांच्या भावाच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये लावला होता. पूर्वी तिथं कापूस भरायचे. पत्र्याचं गोडाऊन, खाली गुळगुळीत कोबा. रस्त्यावर पोरींना का न्हाई पाठवलं म्हणशील, तर उसाचा हंगाम चालू होता. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर एकामागं एक. त्या ट्रॉलीच्या शेजारून सायकल चालवणारीला वेडी म्हणावं लागंल.

माझं नांदूरघाटचं हे दुकान मूळ मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. त्यांचे गुडघे गेले आणि मी पाना हातात घेतला. कुणी शिकवलं न्हाई. मालक बाजंवर पडून सांगायचे, मी चुकायचे, ते हसायचे. अशीच शिकले. या भागात पंक्चर म्हणजे बाभळीचा काटा, हे मात्र सांगावं लागत न्हाई. म्हणून आमच्या दुकानात नवी सायकल आली की पहिलं काम अस्तर. जुन्या टायरची लांब पट्टी कापायची, तासून पातळ करायची आणि टायर आणि ट्यूबच्या मधे गोल बसवायची. दोन्ही टोकं एकमेकांवर थोडी चढवायची. काटा टायरमधून आत आला तरी अस्तरात अडकतो. या अस्तरावर दुकानाचं नाव हाय. आष्टीपासून माणसं आलेली हायत त्यासाठी.

प्रतीक्षाच्या सायकललाही मीच अस्तर घातलं होतं. ऋतुजाची सायकल तशीच, एकाच मापाची, एकदमच आणलेली. पण तिच्या चुलत्यानं ती बीडला नेऊन तयार करून आणली होती. माझ्याकडं आली न्हाई. मला तेव्हा थोडा राग आलता, खोटं कशाला बोलू.

पहिलं पंक्चर ट्रेनर सुरू झाल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी झालं. मी म्हणलं, जुना काटा राहिला असंल. ठिगळ लावलं. दुसरं पाच दिवसांत झालं. तेव्हा मी नीट बसले. ट्यूबमध्ये हवा भरून घमेल्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं. यात एक साधा हिशोब असतो. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असंल, तर दोष रिमचा. एखाद्या तारेचं टोक वर आलेलं असतं किंवा रिमवरची पट्टी सरकलेली असते. जवळजवळ दोन भोकं असतील तर हवा कमी होती, ट्यूब रिममध्ये चिमटली. आणि भोक बाहेरच्या अंगाला असंल तर दोष रस्त्याचा.

भोक बाहेरच्या अंगाला होतं. आणि रस्ता तर नव्हताच.

तरी मी टायरमधून बोटं फिरवली, काच न्हाई, काटा न्हाई. रुळावर हात फिरवला, गुळगुळीत. गोडाऊनचा कोबा प्रतीक्षाच्या आईनं स्वतः झाडून काढला. मग मी माझ्याकडचा रामबाण काढला. अस्तर बदललं, जाड घातलं. तिसरं पंक्चर चार दिवसांत. मी आणखी जाड घातलं. चौथं दोन दिवसांत. पाचवं दुसऱ्याच दिवशी.

आता बघ, कुणाच्याही लक्षात यायला पाहिजे होतं. मी जसं अस्तर वाढवत होते तशी पंक्चरं जवळ येत होती. माझ्या लक्षात आलं न्हाई. वीस वर्षं ज्या गोष्टीनं काम केलं, तिच्याकडं माणूस संशयानं बघतच न्हाई.

संशय दुसरीकडं गेला. तोच ट्रेनर, तोच रूळ, ऋतुजाला एकदाही पंक्चर न्हाई. भोक बाहेरून पडलेलं. मग टाचणी, कुणीतरी मुद्दाम टोचलेली. हे पहिल्यांदा प्रतीक्षाची आई बोलली, दुकानात, माझ्यासमोर. पोरीची सायकल गोडाऊनमध्ये ठेवलेली असते, कुलपाची एक चावी ऋतुजाकडं असते, अजून काय पाहिजे. मी ट्यूब घासत होते. मी हो म्हणाले न्हाई, न्हाईही म्हणाले न्हाई. दोन दिवसांत ते गावभर झालं, आणि त्यात एक शेपूट जोडलं गेलं की दुकानवाल्या मावशीनंही तेच सांगितलंय.

शुक्रवारी ऋतुजा स्वतः आली. शांत पोरगी. खाली बघत म्हणाली, "मावशी, मी टाचणी लावली असं तुमी म्हणालात?"

"मी तसं म्हणाले न्हाई गं."

"मग न्हाई लावली असं तरी म्हणायचं."

मी चहा घे म्हणलं, घेतला न्हाई तिनं. जाताना एवढंच बोलली, की माझ्या चाकाला काही होत न्हाई हा माझा गुन्हा असंल, तर रविवारी तिला माझं चाक लावा आणि मला तिचं.

ती रागानं बोलली होती. पण गेल्यावर मी त्यावर विचार करत बसले. बोलली ते अगदी मिस्तरीसारखं. कुठलाही बिघाड शोधायचा तर हाच रस्ता. वस्तू अदलाबदल करा, बिघाड कुणाबरोबर जातो ते बघा. मी सरांना फोन केला आणि तसंच करायला सांगितलं. पाचव्या पंक्चरनंतर मी नवी ट्यूब टाकली होती. शुक्रवार-शनिवार प्रतीक्षानं त्यावर सराव केला, चाक टिकलं. शनिवारी संध्याकाळी सरांनी ते चाक काढून आपल्या घरी नेलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं. त्याआधी मी त्यावर खडूनं एक खूण केली. ट्यूबचा वॉल, हवा भरायची नळी, जिथं येतो, बरोबर त्याच्यासमोर टायरवर एक रेघ. ही खूण पहिल्या दिवशीच करायला पाहिजे. ट्यूब बाहेर काढली तरी तिच्यावरचं भोक टायरच्या कुठल्या जागेसमोर होतं, ते मग कळतं. मला हे माहीत होतं. काट्याच्या गावात कुणी करत न्हाई, एवढंच.

रविवारी गोडाऊनमध्ये सर, मी, प्रतीक्षा आणि तिची आई, ऋतुजा आणि तिचा चुलता. सरांनी सगळ्यांसमोर प्रतीक्षाचं चाक ऋतुजाच्या सायकलला लावलं. आज परीक्षा न्हाई, आज फक्त चाक बघायचं, असं सांगितलं. ऋतुजा चढली.  नुसता रुळाचा घरघर आवाज. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मी तिला क्षणभर थांबवून टायरला हात लावून बघितला तर चांगलाच गरम. रस्त्यावर चाकाला वारा लागतो. इथं वारा न्हाई आणि रूळ एकाच अंगानं दाबतोय.

बाविसाव्या मिनिटाला आवाज बदलला. टायर बसला.

ऋतुजा उतरली न्हाई. पायडल थांबवून तिथंच बसून राहिली आणि प्रतीक्षाच्या आईकडं बघत राहिली. ती बाई दुसरीकडं बघायला लागली.

मी तिथंच जमिनीवर बसून चाक उघडलं. ट्यूब काढली, हवा भरली, बादलीत बुडवली. भोक बाहेरच्या अंगालाच. वॉलपासून वितीनं मोजलं, खडूच्या रेघेपासून टायरवर तेवढंच मोजलं. तिथं बोट घातलं. बोटाला अस्तराचं टोक लागलं. दोन टोकं एकमेकांवर चढतात, बरोबर ती जागा.

मग ट्यूब उजेडात धरली. काट्याचं भोक टोचल्यासारखं, बारीक, गोल असतं. हे तसं नव्हतं. भोकाच्या भोवती रबर बोटभर जागेत घासून पातळ, चकचकीत झालेलं, आणि मधे चीर. आधीच्या पाचही वेळेला मी भोक बघितलं होतं. भोकाच्या भोवती बघितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. रूळ टायरला आत दाबतो. चाक फिरलं की तो दाब फिरत जातो. प्रत्येक फेऱ्याला अस्तराचं जाड टोक थोडं हलतं आणि ट्यूबला घासतं. रस्त्यावर एवढं दबत न्हाई, एवढं तापत न्हाई, म्हणून महिनोन्‌महिने चालतं. इथं एका तासात हजारो फेरे. मी जेवढं जाड अस्तर घातलं तेवढी करवत मोठी झाली.

मी पट्टी बाहेर ओढली आणि सरांच्या हातात दिली. म्हणलं, "सर, टाचणी ही हाय. आणि लावणारी मी हाय."

सरांनी पट्टीच्या टोकावरून बोट फिरवलं. प्रतीक्षाच्या आईनं विचारलं, मग इतके दिवस तुमी कावून न्हाई बोललात. मी म्हणलं, मला कळलंच नव्हतं, आणि कळत न्हाई हेही मी बोलले न्हाई. दोन्ही चुका माझ्याच. मग ऋतुजाकडं वळले आणि सगळ्यांसमोर तिला म्हणलं, "पोरी, मी त्या दिवशी गप्प बसले. ते चुकलं माझं."

"हां," ती म्हणाली. "पण मावशी, माझ्या चाकाला कधी अस्तर घालू नका." चुलता हसला. मग प्रतीक्षाही हसली, आणि तिचं हसू मधेच रडण्यावर गेलं. तिला उगीच वाटत होतं की आपल्या सायकलीमुळं सगळ्यांना त्रास झाला.

मी पट्टी काढून टाकली, नवी ट्यूब बसवली, रुळाचा स्क्रू दोन आटे सैल केला. सरांनी तो फार आवळला होता. चाक घसरू नये इतपत दाब पुरतो. परीक्षा मंगळवारी झाली. दोघींची चाळीस-चाळीस मिनिटं पूर्ण झाली, कुणाचीही हवा गेली न्हाई. मीटरवर प्रतीक्षा थोडक्यात पुढं होती. तिचं नाव गेलं. तिची आई ऋतुजाच्या घरी जाऊन आली असं ऐकलं. काय बोलली ते मी विचारलं न्हाई.

उसाचा हंगाम संपला आणि प्रतीक्षा रस्त्यावर आली. बिनअस्तराची. तिसऱ्या दिवशी दुकानात उभी. टायरमध्ये बाभळीचा काटा, बोटभर लांब. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मावशी, घाला आता." तेव्हापासून तिची दोन मागची चाकं हायत. रस्त्याच्या चाकाला अस्तर, गोडाऊनच्या चाकाला न्हाई. दोन्हीवर मी खडूची रेघ मारून देते. औषध काय हाय एवढं बघून चालत न्हाई, रोगही तोच हाय का ते बघावं. मला हे वीस वर्षांनी कळलं.

घे, झालं तुझं. बघ, तुझ्या ट्यूबला दोन भोकं हायत, शेजारी-शेजारी. म्हणजे हवा कमी होती, मघाशी सांगितलं तसंच. आता दर आठवड्याला टायर दाबून बघत जा. आणि अशी पंक्चर झाल्यावरच नको येऊ. त्या ऋतुजासारखी ये. ती आता दर बाजाराच्या दिवशी येते, चहा घेते, आणि तिच्या टायरला मला हातही लावू देत न्हाई. लवकर ये, पोहे करीन.