मागच्या गल्लीतलं टेबल

माझी मावशी पडदे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत मशीन होतं आणि मापं घ्यायला ती स्वतः गिऱ्हाइकाकडे जायची. शिडी मात्र कुणाला धरू द्यायची नाही. "तुम्ही धरलीत की मला पडायची आठवण होते," म्हणायची.

काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांचा भरवसा मोठ्या पाटीवर. बाहेर जेवायचं म्हणजे चौकातल्या त्या नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये. गावोगावी शाखा, सगळीकडे तीच खुर्ची, तोच दिवा, तीच चव. "काय मिळणार ते आधीच ठाऊक असतं," काका म्हणायचे. मावशी निमूटपणे खायची.

एकदा मागच्या गल्लीतल्या छोट्याशा खाणावळीचं काम तिच्याकडे आलं. मालकीण पूर्वी नर्स होती, आवाज खणखणीत. मावशीने माप घेतलं आणि म्हणाली, "बाई, खिडकी वाकडी आहे तुमची."

"अख्खी इमारतच वाकडी आहे. बसा, सूप घ्या."

मावशीने दोन चमचे घेतले. "छान झालंय, पण मीठ अंमळ जास्त पडलंय."

मालकिणीने चमचाभर चाखून पाहिलं, "खरंय की!" म्हणाली आणि वाटी उचलून आत गेली. आलं ते सूप मावशीने चाटूनपुसून संपवलं. संध्याकाळी तिचा मला फोन. "अगं, मी बोलले आणि तिने ऐकलं! चौकात कुणाला सांगणार? पाटीला?"

तेव्हापासून माप घेऊन परतताना ती रोज वेगळी गल्ली धरायची. सायकलच्या दुकानावर जिना चढून गेलं की एक कॉफीवाला होता. दोन भावांची बेकरी होती, त्यांचा एकमेकांशी अबोला. पाव एकाकडे मागायचा, चहा दुसऱ्याकडे. एका ठिकाणी शिळा केक मिळाला, तर तिने तो तोंडावर सांगून परत केला आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. काकांना मात्र कितीही म्हटलं तरी ते नाक मुरडायचे. "पोट बिघडलं तर कुणाला धरायचं?"

त्यांच्या वाढदिवसाला मावशीने सरळ सांगून टाकलं, "आज मी नेतेय. यायचं तर चला, नाहीतर मी आणि भाची चाललो."

काका आले. खिशात पोटाच्या गोळ्या घेऊन. मागच्या गल्लीतल्या त्या खिडकीपाशी बसले आणि म्हणाले, "मेन्यू कार्ड?"

"नाही हो," मालकीण म्हणाली. "आज मासे आहेत, नाहीतर भाजलेले बटाटे. तुम्हाला काय चालत नाही, ते सांगा."

काका गांगरले. मग खाली बघत पुटपुटले, "लसूण."

मावशी त्यांच्याकडे वळली. "काय?"

"नाही आवडत मला. कधीच."

"अहो, इतकी वर्षं मी भाजीत, आमटीत, सगळ्यात घालतेय!"

"तुला आवडतो म्हणून बोललो नाही."

"मला? सासूबाई म्हणाल्या होत्या, लसणाशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही!"

"आईला आवडायचा, मला नाही," काका म्हणाले. "चौकातल्या त्या एका डिशमध्ये नसतो, हे मला पाठ झालं होतं. म्हणून तिथे जायचो."

मावशी हसता हसता रडकुंडीला आली. मग तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "सांगायचं ना हो मला," एवढंच म्हणाली. मासे आले, लसणाशिवाय. काकांनी दोनदा पाव मागून घेतला आणि ताट लख्ख केलं. गोळ्यांची आठवणही कुणाला झाली नाही.

पुढे काका मावशीच्या वरताण निघाले. नवीन जागा दिसली की थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे. "आज काय चांगलं झालंय?" सायकलच्या दुकानावरचा कॉफीवाला त्यांना जिन्यात बघून म्हणतो, "आले साहेब, आता परीक्षा!" पण पहिला कप त्यांच्याच हातात देतो.

परवा रविवारी मी गेले, तर दोघं फाटकातच वाद घालत होती. काकांना नदीकडच्या नव्या ठिकाणी जायचं होतं, मावशीला बाजारामागच्या. बराच वेळ ऐकून मी म्हटलं, "चिठ्ठी टाका."

"कशाला?" मावशी चपला घालत म्हणाली. "मी सकाळीच टेबल सांगून ठेवलंय. तिघांचं."

काका कुरकुरत का होईना, तिच्यापुढे चालू लागले.