साखरेच्या पोत्यातली विहीर

इंदापूरच्या एसटी स्टँडमागे एक व्हिडिओ लायब्ररी होती. नव्वदच्या दशकात घरोघर केबल आली तशी ती मेली, आणि तिच्या तेराव्याला मी हजर होतो. मालक कॅसेटींचे ढीग लावून विकायला बसला होता. मी नऊ उचलल्या. दहावीवरचं नाव वाचलं आणि भाव न विचारताच पैसे काढले.

तो एक काळा-पांढरा तमाशापट होता. लहानपणी लोणी भापकरच्या जत्रेत, तंबूत, मी तो पाहिला होता. म्हणजे पाऊण पाहिला होता. नायिका विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि नेमकं तेव्हाच वडिलांनी माझा कान धरून मला तंबूबाहेर काढलं. तीस वर्षं ती बाई काठावरच उभी होती. तिनं उडी मारली का, एवढंच मला हवं होतं.

अडचण बारामतीला घरी होती. महिन्यापूर्वी रद्दीवाल्याकडून मी जुन्या मासिकांचे चौदा बांधीव खंड आणले होते. त्यांच्यासाठी फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्या, आणि बायकोनं फर्मान काढलं, "अहो, आता एक पुस्तक, एक कॅसेट उंबऱ्याच्या आत आली, तर मी बाहेर."

पण दिवाळी तोंडावर होती. सभासदांना कारखान्याची साखर मिळते, आणि साखरेच्या पोत्याला कुठली बायको अडवते? मी साखर ऑफिसातल्या कपाटात ओतली. पोत्यात दहा कॅसेटी आणि सहा जुन्या कादंबऱ्या कोंबल्या, तोंड सुतळीनं शिवलं आणि भर दुपारी हमालासारखा कण्हत घरात शिरलो.

"यंदा साखर जड आहे हं," असंही वर म्हणालो.

तिनं पोत्यावरून एकदा हात फिरवला. "छान आहे," म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी ऑफिसातून आलो तर पोत्याची जागा रिकामी.

"पोतं कुठं गेलं?"

"बावड्याला. दादा जीप घेऊन आला होता. दिवाळीची पहिली साखर माहेरी देतोच ना आपण?"

"अख्खं पोतं?"

"का हो? साखरच आहे ना?"

रविवारची पहिली एसटी धरली.

माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ओसरीवरूनच ओरडले, "या जावईबापू! साखर लई ग्वाड हाय. चार डाव बघितली."

आत मेव्हण्याचा व्हीसीआर मांडलेला, सतरंजीवर शेजारचे तीन म्हातारे. एकाच्या मांडीवर माझी कादंबरी, तिच्यावर त्याचा चुन्याचा अंगठा.

मी हात जोडले. "आबा, एकच कॅसेट. मला फक्त शेवट बघायचाय."

"बसा की मग. आमी न्हाय म्हणतो व्हय?"

पण शेवट आधी बघणं आबांना मंजूर नव्हतं. सिनेमा पहिल्यापासून लावला. फड रंगला, पाटील पिसाळला, बाई पळत विहिरीवर आली. मी सतरंजीवर पुढं सरकलो. आबांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"आता बगा. ती उडी मारत न्हाय. त्या पाटलालाच ढकलती!"

"गेलं, गेलं बेणं!" तिघं म्हातारे ओरडले. मग कुठं पडद्यावर पाटील विहिरीत पडला. तीस वर्षं कळ काढली, आणि चार सेकंद कमी पडले.

निघताना कॅसेट मागितली. आबा मिशीत हसले. "ती हितंच ऱ्हाणार. पुस्तकं बी. पोरीचा तसा निरोप हाय. तुमी रविवारी येत जावा."

घरी पोचलो तेव्हा बायको लसूण सोलत होती.

"तुला कधी कळलं?"

"हात फिरवला तेव्हाच. साखरेला कोपरे असतात होय?" मान वर न करता ती म्हणाली. "दहा वर्षं झाली लग्नाला. दर दिवाळीत आबा विचारतात, जावई का येत नाहीत. मी तरी काय काय सांगायचं?"

बाईनं पाटलाला कसं ढकललं, ते आता नीट उमगलं.

पुढच्या रविवारी मी चपला घालत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"अहो, आबांना ते मासिकांचे खंडही न्या. सगळे. बरण्या वर ठेवायच्यात."