देवदूतांच्या हातातला ट्रॉम्बोन

ओल्या लोकरीचा, लाकडी फरशीला लावलेल्या मेणाचा आणि कुठूनतरी झिरपत येणाऱ्या कॉफीचा मिळून एक वास जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या त्या चित्रसंग्रहालयात नोव्हेंबरभर रेंगाळत असे. चारलाच दिवे लागत. बाहेरचा राखाडी उजेड काचेपाशी घुटमळून परत जाई. नवऱ्याच्या संशोधनामागून मी या गावात आले आणि काम मिळेपर्यंतचे कितीतरी हिवाळी दिवस त्या उबेत काढले. चित्रांतलं मला फार कळतं असं नाही. पण आमच्या लेकीने, सईने, ट्रॉम्बोन हे नळी पुढेमागे सरकवत फुंकायचं पितळी वाद्य शिकायला घेतलं आणि उपवर मुलीच्या बापाला जिथेतिथे स्थळंच दिसावीत, तसे मला जिथेतिथे ट्रॉम्बोन दिसू लागले.

चर्चच्या वेदीवरच्या जुन्या चित्रांत हे वाद्य थेट देवदूतांच्या हाती असतं. कधी येशूच्या आईच्या, मेरीच्या स्वर्गातल्या राज्याभिषेकाला, कधी अंतिम निवाड्याच्या दिवशी, मृतांना थडग्यांतून उठवायला. पुढे ते जमिनीवर उतरतं, नगरवादकांबरोबर मिरवणुकीत आणि मेजवान्यांत हिंडतं, आणि मग कुण्या वस्तुचित्रात, कवटीशेजारच्या वाद्यांच्या ढिगात, मुकाट पडलेलं सापडतं. एकोणिसाव्या शतकातल्या व्यंगचित्रकारांनी तर त्याची पार रेवडी उडवली: गाल फुगवलेला जाडा वादक आणि त्याची पुढे सरकलेली नळी समोरच्याच्या मानगुटीत! स्वर्गातून थेट सर्कशीत आलेल्या या वाद्याबद्दल मला माया वाटू लागली.

सईच्या हाती ते दिलं तळमजल्यावरच्या हिल्डेआजींनी. चर्चच्या पितळी वाद्यांच्या मेळ्यात, ज्याला इथे पोझाउनेनकोर म्हणतात, त्या जन्मभर वाजवत आल्या होत्या. मी जर्मनच्या वर्गाला गेले की शाळेतून आलेली सई त्यांच्याकडेच सूप प्यायची. फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत झाला, त्या वर्षीच्या पानगळीत त्या गेल्या. जाण्यापूर्वी हॉस्पिटलात त्यांनी सईकडून कबूल करून घेतलं होतं, माझ्या दफनाला तू वाजवायचंस.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे होत्या. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच आलेल्या. मी त्यांना आई म्हणते. त्यांनी स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "बारा वर्षांची पोर मर्तिकाला वाजवायला? मी असेपर्यंत नाही."

सईला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "इश हाब्स फेअरश्प्रोखन, आजी!" मी वचन दिलंय, असं म्हणून तिने दार लावून घेतलं. नवरा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत दोघींच्याही म्हणण्याला मान डोलावत राहिला. बायकांच्या वादातलं त्याचं हे तंत्र मला पाठ आहे.

दफनाच्या आदल्या दिवशी मी आईंना संग्रहालयात घेऊन गेले. देवाच्या दारचं वाद्य पाहून त्या विरघळतील, असा माझा साधासा डाव होता. निवाड्याच्या चित्रापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे कोणासाठी वाजवतायत गं?"

"मेलेल्यांसाठी, आई. त्यांना उठवायला."

त्यांनी चष्मा सारखा केला. "आणि मागे राहिलेल्यांसाठी?"

मागे राहिलेली माणसं मी त्या चित्रात शोधली. ती त्यात नव्हतीच.

परतताना ट्रॅमच्या खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मला स्मशानात कोणी येऊ दिलं नाही. दारातूनच पाहिलं. कोपऱ्यावर वळले, आणि संपलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "जाऊ दे तिला. मीही येते."

दफनभूमीत लिंडनच्या झाडांची पिवळी पानं ओल्या मातीला चिकटली होती. स्तोत्राच्या पहिल्याच कडव्यात सईला रडू कोसळलं. ओठ थरथरले की पितळेतून स्वर निघत नाही, हे मला कुठल्याच चित्रकाराने सांगितलं नव्हतं. तिची नळी खाली आली. मेळ्यातले बाकीचे तिची वाट पाहत असल्यासारखे हळूहळू वाजवत राहिले. पुढच्या कडव्याला तिने खोल श्वास घेतला आणि ती त्यांच्यात शिरली. सूर जाडाभरडा होता, पण लागला होता.

प्रत्येकाने पुढे होऊन कबरीत मूठभर माती टाकायची, असा इथला रिवाज. आई मागेच थांबतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हातमोजा काढला, माती घेतली, टाकली आणि हिल्डेआजींना हात जोडले. मग त्या पुन्हा वाकल्या. दुसरी मूठ त्यांनी लगेच सोडली नाही. ती छातीशी धरून त्या काहीतरी पुटपुटल्या, आणि उखाण्याखेरीज जे नाव त्यांच्या तोंडून मी कधीही ऐकलं नव्हतं, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

मागे रांग खोळंबली होती, पण कोणीही घाई केली नाही. कडवं संपलं. सईने एकदा आजीकडे पाहिलं, आणि त्या सगळ्यांनी तेच कडवं पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला घेतलं.