परवाची खुंटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी बसतो. सगळे त्याला उद्यामास्तर म्हणतात. हात असा, की कापड विरेल पण टाका उसवायचा नाही. पण कधीही विचारा, कपडा उद्या. त्याचा उद्या म्हणजे कोंबडीचे दात. ऐकायचे, बघायला मिळायचे नाहीत.

खोड एकच. माप घेतलं रे घेतलं, की गिऱ्हाइकासमोरच कापडावर कात्री चालवायची. कापलेलं कापड घेऊन कोण कुठं जाणार? गिऱ्हाईक अडकायचं आणि त्याच्याहून जास्त मास्तर. दुकानभर बिनबाह्यांचे सदरे, एकपायी विजारी. लढाई होऊन गेल्यासारखं दिसायचं.

एकदा त्याची लेक लाल मखमल काखोटीला मारून दुकानावरून चालली होती. शाळेच्या नाटकात तिला राजाचं काम मिळालं होतं.

"कुठं गं?"

"समोरच्या शिंप्याकडे."

"बाप शिंपी असताना?"

"म्हणूनच! मागच्या वर्षी मी परी होते. तुम्ही पंख घेऊन आलात तेव्हा लोक चपला शोधत होते."

मास्तरचा हात सवयीनं कात्रीकडे गेला. पोरगी दोन पावलं मागं सरली. "हात लावू नका, बाबा! कापलंत की मी अडकले."

हे मात्र झोंबलं. जेवताना मास्तर नुसती भाकरी कुस्करत बसला. बायकोनं कारण काढून घेतलं आणि हसत सुटली.

"अहो, मी काय आठवड्याचं पीठ एकदम मळते? जेवणारी तोंडं बघून मळायचं. बाकीचं डब्यात कोरडं. कोरड्या पिठाला घाई नसते."

सकाळी मास्तरनं भिंतीत ओळीनं खुंट्या ठोकल्या, दर दिवसाची एक. दिवसात हातून उरकेल तेवढंच कापड त्या खुंटीला, आणि कात्री लावायची ती त्याच दिवशी. आधी जुन्या लंगड्या विजारींना पाय दिले. नाटकाच्या दिवसाची खुंटी मोकळी ठेवली. लेकीनं ती स्वतः येऊन तपासली, मगच मखमल हातातून सोडली.

बँकेतल्या बाई झंपर शिवायला आल्या. "उद्या ना?"

"उद्याची खुंटी भरली. परवा न्या."

"परवा म्हणजे कुठल्या वर्षीचा?"

पण परवा आल्या तेव्हा झंपर घडी घालून तयार! बाईंनी दोनदा उलटून पाहिला, दुसऱ्याचा तर नाही ना म्हणून.

नाटकाच्या दिवशी मास्तर दाराला कुलूप घालतोय, तोच गल्लीतला ठेकेदार विजार घेऊन धावत आला.

"मास्तर, पाच मिनिटांचं काम!"

"साहेब, असल्या पाच मिनिटांनीच माझी निम्मी हयात खाल्ली. ती सोमवारची खुंटी रिकामी आहे."

"आणि आज मी काय घालू?"

"आज नाटकाला चला. अंधारात कोण बघतंय!"

ठेकेदार हसत सुटला आणि खरंच सोबत निघाला.

पडदा वर गेला. लाल कोट घालून राजा ऐटीत आला, पहिल्या रांगेत बाप बघितला आणि वाक्यच विसरला. मग राजानं प्रधानाकडे मान वळवली.

"प्रधानजी, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

अर्धी गल्ली तिथंच बसलेली. हशा असा उसळला की खुर्च्या हलल्या. सगळ्यात मोठ्यानं हसत होता उद्यामास्तर, आणि हसता हसता कोटाचे टाके निरखत होता.