कडूबानं कुणाला चांगलं म्हणू नये

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक ओटा आहे आणि ओट्यासमोर कॉलेजच्या मैदानाची कमरेएवढी भिंत. त्यामुळं झालंय काय, की आमच्या छावणी भागातले सगळे फुटबॉलवेडे संध्याकाळी माझ्या ओट्यावर पडीक असतात. मी भाजी निवडत बसते, ते पोरं निवडत बसतात. पावसाळ्यात खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेजात नवी भरती झाली की त्यांना चेव येतो. कुणाच्या मांड्या चांगल्या, कुणाचा दम आखूड, कोण नुसता केस उडवायला आलाय, कोण उद्या विद्यापीठाच्या संघात जाईल, यावरून असं भांडतात की बैलबाजारातले दलाल लाजावेत. मागच्या सालची भरती चांगली का यंदाची, या एका प्रश्नावर काकासाहेब आणि संघपाल पंधरा दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. चहा मात्र दोघंही माझ्याकडंच पीत होते.

काकासाहेब सहकारी बँकेत कारकून. गावाकडं बागायत आहे, म्हणून मत मोठ्या आवाजात देतात. संघपालचं औरंगपुऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याची जीभ त्याच्या पेचकसासारखीच, बारीक आणि बरोबर फटीत जाणारी. आणि तिसरा कडूबा, गल्लीच्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी चालवणारा. हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठी.

कडूबा मूळचा पिशोरकडचा, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. त्याच्या आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून आईनं याचं नाव कडूबा ठेवलं. नावच असं कडू असलं म्हणजे कुणाची नजर लागत नाही आणि यमालाही ते पोर गोड लागत नाही, असा तिचा हिशोब. त्यांच्या घरात चांगल्याला चांगलं म्हणायची रीतच नव्हती. कोकरू गुटगुटीत निघालं की मोठ्यांदा म्हणायचं, रोगट हाय, जगत नाय. कडूबा शहरात आला, गिरणीत लागला, आणि भुवया-पापण्यांवर कायमचं पीठ बसलं. गिरणीची मागची खिडकी मैदानावर उघडते. दळता दळता तो खेळ बघायचा आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन तोंड भरून कौतुक करायचा. गावाकडं जे कधी करता आलं नाही ते इथं मोकळेपणानं करायला मिळालं म्हणून असेल, पण आपल्याच पोराला बक्षीस मिळाल्यासारखा हरखून बोलायचा. बरं, त्याचं निदान सहसा चुकत नसे. कॉलेजचे फुटबॉलचे सर चहाला थांबले की मुद्दाम विचारायचे, काय कडूबा, यंदा कोण?

घोळ सुरू झाला तो प्रणयपासून. प्रणय नावाचा पोरगा भरतीत आला त्याच संध्याकाळी कडूबा म्हणाला, ह्यो लई पुढं जाणार. आठवड्याच्या आत प्रणयचा गुडघा फिरला आणि तो पुढं गेला तो थेट घाटी दवाखान्यात. पुढच्या साली कडूबानं डाव्या पायाच्या एका पोराला हरणाची उपमा दिली. त्याला कावीळ झाली. त्याच्या पुढच्या साली ज्या गोलकीपरला नावाजलं तो होस्टेलच्या न्हाणीत घसरून मनगट मोडून बसला. न्हाणीत साबणाचं पाणी होतं, हे मी तेव्हाही सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतं? संघपालनं निकाल देऊन टाकला, कडूभाऊ, तुमची तारीफ म्हंजे डायरेक्ट घाटीची चिठ्ठी.

आम्ही हसलो. खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त मीच हसले आणि गल्लीभर तिखटमीठ लावून सांगितलं. एकदा तर या लोकांनी कडूबाला रिक्षात घालून दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर नेलं. म्हणाले, इथल्या पोरांची मनापासून तारीफ करा, म्हणजे आमची फायनल सोपी होईल. कडूबा तासभर टक लावून बघत बसला आणि परत येऊन म्हणाला, तारीफ करावी असं तिथं कुणीच नाय, लबाड कसं बोलू? काकासाहेबांच्या नाकातून चहा आला.

पण गंमत ओट्यावर राहिली नाही. दळण घेऊन येणाऱ्या बाया गिरणीच्या पायरीशी आल्या की कडेवरच्या लेकराचं तोंड पदरानं झाकायला लागल्या. आधी एक, मग दोघी, मग सगळ्याच. एक बाई लेकराला बाहेर रिक्षातच ठेवून आत यायला लागली. कडूबानं मान वर करायचंच सोडलं. डबा घ्यायचा, तागडीकडं बघायचं, पीठ द्यायचं. मागच्या खिडकीला त्यानं पोतं लावलं. त्याची बायको आवडाबाई दर अमावास्येला मीठ-मोहरी घेऊन त्याच्यावरूनच उतरवून टाकायची. ज्याला नजर लागते त्याची दृष्ट काढतात. ज्याची लागते त्याचं काय करायचं, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

एकदा मी ज्वारीचा डबा घेऊन गेले, तर गिरणी बंद करून बसला होता. माझ्याकडं न बघता विचारलं, "वैनी, माणसाला सोताची नजर कळती का हो?"

मी चेष्टा करणार होते. पण तो पोतं लावलेल्या खिडकीकडं पाठ करून बसलाय हे दिसलं आणि राहिलं.

आणि यंदा कॉलेजनं पहिल्यांदा पोरींच्या संघासाठी भरती केली, आणि त्या भरतीत कडूबाची मोनिका लागली.

मोनिका गोलकीपर. लहानपणी मैदानातून भिंतीवरून येणारा बॉल माझ्या कुंड्यांच्या आधी हिच्या हातात पडायचा, म्हणून माझ्या जास्वंदी जगल्या. खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला होता, पण सरांनी आधीच सांगितलं होतं की शेवटच्या संघात जी नसेल तिची जागा दुसरीला जाईल. म्हणजे संघ गेला की कॉलेजही गेलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर नव्या भरतीची चिरफाड सुरू झाली. पोरींना पहिल्यांदाच पारखायचं म्हणून सगळे जरा जपून बोलत होते. काकासाहेब म्हणाले, या भरतीत दम नाही, पण एक गोलकीपर आहे, कडूबाची, ती सोनं आहे. संघपालनं मान हलवली. सर चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून उभे होते. मी कडूबाकडं बघितलं. त्याचा चेहरा पिठापेक्षा पांढरा झाला होता. सोनं हा शब्द त्याच्या पोरीवर पडला होता, उघड्यावर, तिन्हीसांजेला.

मग तो बोलायला लागला. वर्षभरात बोलला नसेल एवढं बोलला. म्हणाला, तिचे पाय जड हायेत. उंच बॉल आला की डोळे मिटती. डाव्या अंगाला पडायला भिती. घरी पाण्याची घागर तिच्या हातात टिकत नाय, तिथं बॉल काय टिकणार. तिला घेतलंय कशाला तेच कळत नाय. बोलताना तो भिंतीवरच्या मुंग्यांकडं बघत होता. कोकराला रोगट म्हणतात तसं म्हणत होता, हे मला कळलं. काकासाहेबांना कळलं नाही, ते इतर पोरींकडं वळले. सर तर परगावाहून बदलून आलेले, त्यांना ही रीत काय ठाऊक. कडूबाची पारख चुकत नाही एवढंच त्यांना माहीत. त्यांनी कप ठेवला आणि गेले.

दोन दिवसांनी सराव संपायच्या आधीच मोनिका भिंतीवरून उडी मारून ओट्यावर आली. हातात गोलकीपरचे हातमोजे. बाप तिथंच बसला होता. सरांनी तिला बाजूला बसवून दुसऱ्या पोरीला गोलात उभं केलं होतं. का विचारलं तर म्हणाले, तुझ्या घरच्यालाच तुझा भरवसा नाही. तिनं आम्हा कुणाकडं बघितलं नाही, थेट बापाला विचारलं.

"दादा, मी वाईट खेळते का?"

कडूबाची मान खाली.

"मला पडायची भीती नाय," ती म्हणाली, "तुमची मान अशी खाली गेली ना, त्याची वाटती."

ती गेली तसा संघपालसुद्धा उठला. कडूबा घरी गेला आणि आमच्या भिंतीला लागूनच असलेल्या त्यांच्या घरातून बोलण्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत राहिला. आवडाबाईचं एकच चाललं होतं: पोरीचा जीव मोठा का बॉल मोठा, ऱ्हाऊ द्या कॉलेज, धडधाकट तर राहील. मी भाकरी थापत होते. ती तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. तोंड घासून धुतलं होतं. पापण्या काळ्या होत्या. इतक्या वर्षांत त्याच्या पापण्या काळ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. म्हणाला, वैनी, मैदानात येता का, एकट्याच्यानं होत नाय. मी आत जाऊन चप्पल घातली आणि आले. काकासाहेब आणि संघपालही मागं निघाले. मैदानाच्या फाटकाशी संघपालनं त्याची बाही धरली. चेष्टेचा लवलेश नव्हता.

"कडूभाऊ, राहू द्या. मी सांगतो सरांना."

"तुझ्या सांगण्यानं काय व्हतंय? माझ्या सांगण्यानं गेलंय ते."

सर गोलापाशी उभे होते. मोनिका बाजूला, बूट काढायच्या बेतात. कडूबा त्यांच्यासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "मी त्या दिशी लबाड बोललो सर. पोरगी चांगली खेळती."

एवढं बोलून थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. उंच बॉलला ती डोळे मिटत नाही, उलट बॉल पायातून निघायच्या आधीच निघते. डाव्या अंगाला ती जास्त लांब जाते. खिडकीला पोतं लावलं, पण त्याला भोक पाडलंय, त्यातून रोज बघितलंय. हे सगळं तो कोर्टात जबानी देतोय तसं बोलत होता, आणि त्याचा आवाज एकेका वाक्यागणिक बारीक होत चालला होता. काकासाहेब बुटांच्या टोकाकडं बघत होते. मोनिका बूट तसाच हातात धरून बापाकडं बघत होती.

सर म्हणाले, मग आधी का नाही सांगितलं? कडूबानं गोलाकडं बोट दाखवलं. सरांनी खांदे उडवले. पोरांच्या संघातल्या चौघांना बोलावलं आणि मोनिकाला गोलात जायला सांगितलं. ती हातातला बूट बाजूला टाकून तशीच एका बुटावर गेली. मारा, म्हणाले, हलकं मारू नका.

कडूबा भिंतीकडं तोंड करून बसला. म्हणाला, तुम्ही सांगा वैनी, मी बघत नाय.

मी सांगायला लागले. पहिला बॉल तिनं छातीशी घेतला. दुसरा वरून घालवला. तिसरा मला दिसलाच नाही, पण तिच्या हातात होता. काकासाहेब हळूच वा म्हणाले आणि लगेच जीभ चावली. पाचवा का सहावा बॉल खाली, जमिनीसरशी, डाव्या कोपऱ्याकडं गेला. ती आडवी झाली. बॉल बाहेर गेला आणि तिचं डोकं खांबाला लागलं. रिकामा डबा पडल्यासारखा आवाज झाला.

मोनिका उठेना.

आणि मग मी जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मैदानावरची सगळी माणसं, बॉल मारणारी पोरं, संघपाल, काकासाहेब, भिंतीवर बसलेली रिकामी मंडळी, सगळ्यांच्या माना वळल्या. पोरीकडं नाही, कडूबाकडं. आवाज ऐकून तो भिंतीवर कपाळ टेकून बसला होता. कुणी हललं नाही. एवढी सगळी शहाणीसुरती माणसं, आणि एकालाही पोरीला उचलायचं सुचेना.

सर धावले. पण ते पोचायच्या आधी ती कोपरावर उठली. ओठ फाटला होता, रक्त हनुवटीवर आलं होतं. थुंकली. खांबाला धरून उभी राहिली. सर काहीतरी विचारत होते, तिनं हातानंच त्यांना बाजूला केलं.

"दादा," ती म्हणाली. मोठ्यांदा नाही, पण मैदान इतकं गप्प होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "इकडं तोंड करा. मग मारू द्या त्यांना."

तो वळायला किती वेळ लागला कोण जाणे. मला वाटलं वळणारच नाही. आधी खांदा वळला, मग मान, आणि सगळ्यात शेवटी डोळे वर आले. धुतलेले, काळ्या पापण्यांचे. सरांनी एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि पोरांना खूण केली.

त्यानंतर किती बॉल आले ते मी मोजले नाहीत. दोन आत गेले, बाकीचे नाही गेले. प्रत्येक बॉलला कडूबाचे ओठ हलायचे, पण डोळे मिटले नाहीत, हललेही नाहीत. अंधारून आलं तेव्हा सरांनी शिट्टी दिली आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाले, आधी ओठाला टाके घालून घे, परवा ये, गोलात तूच.

ती बापाजवळ आली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला, परत ठेवला. दोघं फाटकाकडं निघाले. संघपाल त्यांच्या मागं चालत होता, बूट हातात घेऊन, कारण मोनिकाचा एक बूट गोलापाशी राहिला होता.

मी घरी येऊन मोरीत हात धुवायला बसले. चप्पल घालायला आत गेले होते तेव्हा पोरीवरून उतरवून टाकायला म्हणून मिठाच्या बरणीतलं चिमूटभर मीठ मुठीत घेतलं होतं. मी, जिनं अख्ख्या गल्लीला हसत हसत घाटीची चिठ्ठी सांगितली ती. मूठ उघडली तर मीठ नव्हतं. घामानं सगळं विरघळून गेलं होतं, आणि तळहाताला जिथं जिथं नखं रुतली होती तिथं ते झोंबत होतं.