ब्रेक मी दाबत नव्हतो

माणूस म्हातारा झाला की गाडीचा दोषही त्याच्याच डोक्यावर येतो. माझ्याही आला.

मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचे पॅड घासले होते. पोरानं दुकानातून नवे टाकून आणले. दुसऱ्या दिवशी मी निघालो. ब्राह्मणपारा मोहल्ल्यापर्यंत गाडी बरी चालली. पुरानी बस्तीत शिरता शिरता जड झाली, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. उतरून पाहिलं तर पुढची डिस्क तव्यासारखी तापलेली. सावलीत थंड होऊ दिली, तर चाक पुन्हा मोकळं.

तसाच दुकानात गेलो. मिस्त्रीनं चाक फिरवून पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाबाजी, लिवर पे उँगली रखके चलाते होंगे. उमर में होता है."

उमर में! जिंदगीभर राईस मिलचा ट्रक चालवला मी. शाळा चौथीत सुटली, पण गाडीवर हात कुठं ठेवायचा हे मले कोणी शिकवू नये.

घरी आलो तर पोराचंही तेच. मिस्त्रीनं फोन करून ठेवला होता.

"बाबा, तुम्ही ब्रेक दाबूनच चालवता म्हणे. विकून टाकू आता. रविवारी एक जण पाहायला येऊन राहिला."

"मले विचारलं?"

"दारातून ई-रिक्षा भेटते ना."

"मी काय कांद्याचं पोतं आहो, रिक्षात टाकाले?"

बायकोले हसू आलं. मले नाही आलं. गाडी गेली म्हणजे उद्यापासून कुठं जायचं तर याच्या-त्याच्या तोंडाकडे पाहायचं.

शनिवारी अंगणात बसलो. पॅड काढले, पिस्टन पाहिले. गंज नव्हता. पिना साफ होत्या. वरच्या डबीतलं ब्रेकचं तेलही जास्त नव्हतं. सगळं बसवून एक चक्कर मारली अन् गाडी गरम असतानाच इंजिनखाली विटा लावून पुढचं चाक उचललं. हलेना. मग हँडलवरची ब्रेकची लिवर धरली. तिले थोडा ढिला खेळ पाहिजे, तो नव्हताच. लिवरच्या मुळाशी मंदिराचा लाल नाडा, हँडलसकट करकचून बांधलेला. रोज दिसत होता. पण देवाच्या नाड्यावर कोण संशय घेते?

गाठ सोडली. लिवर टक् करून बाहेर आली. चाक फिरवलं, तर फिरतच राहिलं. लिवर पूर्ण सुटल्याशिवाय तेल मागं डबीत फिरत नाही. अडकलेलं तेल तापते, फुगते अन् पॅड आणखीनच आवळते.

पोराले हाक मारली. "हे कोणी बांधलं?"

"मीच. नवे ब्रेक टाकले म्हणून, येताना मंदिरात थांबलो होतो. तुमच्या भल्यासाठीच."

"इतकं घट्ट काहून?"

"सुटू नये म्हणून."

"म्हणजे ब्रेक मी नाही, तू दाबून राहिला होता!"

आतून बायको ओरडली, "नाडा फेकू नका हो, देवाचा आहे!" मी तो आरशाच्या दांडीले बांधला.

"तरी पण बाबा..." पोरगं सुरू झालं.

"मागं बस."

ऑफिसात साहेब आहे, पण बसला. पुरानी बस्तीत त्याच गल्लीतून नेला अन् दारात आणून उतरवला. "डिस्कले बोट लाव."

त्यानं भीत भीत बोट लावलं. कोमट होती. मग खिशातून फोन काढला.

"भैया, कल मत आना. गाड़ी नहीं बेचनी."

माझं चुकलं, असं काही तो बोलला नाही. मिस्त्रीही बोलला नाही. नका बोलू. चाबी आता खुंटीवर नसते, माझ्या खिशात असते.